उणे साठ

मार्चपासून माझ्या हातांना कॉडचा वास आहे.
शाळा सुटली की धक्क्यावर जायचं,
उभ्या सळईवर माशाचं डोकं टोचायचं, एक काप,
जीभ बादलीत.
माझा भाऊ याला पाढे म्हणायचा:
बादली भरेपर्यंत पाठ होतात, म्हणायचा.

आता मे. जिभा संपल्या.
मासे जोडीजोडीनं लाकडी मांडवांवर वाळताहेत
आणि रोस्ट बेटावर रात्र नावापुरती उरली आहे.
अकरा वाजले तरी वहीवर
माझ्याच हाताची सावली पडते,
कळत नाही
नेमकं किती वाजता दमायचं.

सरावाचं पुस्तक त्याचंच.
पहिल्या पानावर सिगब्यर्न, ते खोडून
खाली पुन्हा सिगब्यर्न,
समासात बोटी, एका पानावर वंगणाचा अंगठा.
मी त्याच्या पायऱ्यांवरून चालते.
तो जिथे हातचा विसरला तिथे मीही विसरते
आणि ताळा करताना
दोघं एकदमच उघडे पडतो.

गुडवेग बाई म्हणतात, पायऱ्या लिहा,
उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना गुण असतात.
त्याला हे कुणी वेळेवर सांगितलं नसावं.

चौदावं गणित तारांकित आहे.
मेंढ्यांसाठी कुंपण. क्ष ही रुंदी, लांबी सातनं जास्त.
क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक साठ
बरोबर शून्य.
सिगब्यर्ननं सूत्र घातलंय, नीट, सुवाच्य,
वर्गमुळाच्या छपराखाली
एकोणपन्नास वजा दोनशे चाळीस,
आणि तिथेच, पेन दाबून:
रुंदी नाही. मेंढ्या बाहेरच.

पुढची पानं कोरी.
त्या आठवड्यात मासा आला होता,
काकांच्या बोटीवर एक माणूस कमी होता.
परीक्षेपुरता तो परतला.
पुढच्या शाळेला इथून बोटीनंच जावं लागतं;
तो बोटीनं गेला,
शाळेला नाही.

मीही तीनदा करून पाहिलं.
तीनदा उणे एकशे एक्याण्णव.
छपराखाली इतकी थंडी
की कुठलंच मूळ तग धरेना.

तीन विषय, चिठ्ठी एक:
गणित निघण्याची शक्यता एक तृतीयांश
(हे आठव्या गणितात विचारलंय).
बुधवारी बाईंनी कागद उघडला.
आम्हा पाचही जणांना इंग्रजी.
आयनार बाकावर चढून नाचला,
मीसुद्धा टाळ्या वाजवल्या,
जरा उशिरानं.

घरी आले, दप्तर उघडलं,
हात आपला त्याच पुस्तकाकडे.
आता कुणी विचारणार नव्हतं.
म्हणूनच असेल, घाई नव्हती.
खिडकीतल्या उन्हात पान तिरपं धरलं, उगीच,
आणि अधिकच्या चिन्हाची उभी रेघ चमकली.
आडवी नाही. फक्त उभी.
नखानं खरवडली.
निघाली.

काटा.
बारीक, वाळका, त्याच्या बाहीवरून पडलेला असणार,
बरोब्बर उणेवर उभा राहून
इतकी वर्षं अधिक झालेला.

उणे साठ.
छपराखाली दोनशे एकोणनव्वद,
म्हणजे सतराचा वर्ग, म्हणजे
रुंदी पाच, लांबी बारा,
आणि कोपऱ्यातून कोपऱ्याला दोरी ताणली तर
चक्क तेरा; हे कुणी विचारलं नव्हतं.
मेंढ्या आत.
मी एकटीच हसले, मोठ्यानं,
आईनं खालून विचारलं, काय झालं?
काय सांगणार!

पानाचा फोटो त्याला पाठवला.
खाली लिहिलं: पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या.
तो उत्तरेला, बर्फाच्या कडेला, जिथे
रेंज दोन दोन दिवस येत नाही.

शुक्रवारी आलं उत्तर.
आभार नाही, अरे वा नाही.
पंधरावं काय आहे?

सोमवारी इंग्रजीचा पेपर.
काटा चिकटपट्टीनं समासात लावलाय,
बोटीच्या चित्राशेजारी,
आणि पंधरावं उतरवते आहे,
मोठ्या अक्षरात,
चिन्हं दोनदा तपासून.